आमच्या कासवाची गोष्ट - दुरुस्त आवृत्ती

आमच्या घरात काही गोष्टी दर दिवाळीला फराळाच्या डब्यांबरोबर बाहेर निघतात. आत्याने बासुंदीत साखरेऐवजी मीठ घातलं ती. आबा एसटीत झोपले आणि उंब्रजऐवजी थेट कऱ्हाडला उतरले ती. आणि तिसरी, मी कासवाचा जीव वाचवला ती. पहिल्या दोन गोष्टींमधले नायक आता हयात नाहीत, त्यामुळे त्यांत दुरुस्ती करायला कोणी नाही. तिसऱ्या गोष्टीचा नायक मात्र अजून शाबूत आहे, आणि गेली काही वर्षं ती गोष्ट सुरू झाली की तो पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळतो. का पळतो, ते आज एकदाचं लिहून टाकतो. नातेवाईक मंडळींपैकी जे हे वाचतात, त्यांनी कृपया इतरांनाही सांगावं.

आधी घरात चालणारी आवृत्ती. साल १९८४, मे महिना. मी दहा वर्षांचा. अण्णांबरोबर सायकलवर पुढच्या दांडीवर बसून संगम माहुलीला गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साताऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा एकमेकींना मिळतात ते हे ठिकाण. दगडी घाट, जुनी देवळं, उन्हाळ्यात पात्र आटलं की मधे वाळू. त्या वाळूत एक जाळं टाकणारे काका बसले होते आणि त्यांच्या शेजारी परातीएवढं कासव उताणं पडून पाय हलवत होतं. ते विकलं जाणार होतं, म्हणजे अर्थात खाण्यासाठी. मी भोकाड पसरलं. अण्णांनी वीस रुपये मोजले (त्या काळी वीस रुपये म्हणजे चेष्टा नव्हती), कासव पोत्यात घालून कॅरिअरला बांधलं आणि आम्ही ते आमच्या शेतातल्या विहिरीत सोडलं. विहीर काही लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीसारखी प्रसिद्ध नव्हती, एका मोटेची साधी. पण विहिरीत कासव असणं शुभ, पाणीही स्वच्छ राहतं, असं सगळेच म्हणत. कासव सुखाने राहू लागलं. गोष्ट संपली. माझ्या पुतण्याने चौथीत यावर निबंध लिहून दहापैकी नऊ मार्क मिळवले होते :)

आता मधली पस्तीस वर्षं ओलांडून सांगलीला चला. आमचं घर साताऱ्याचं आणि आजोळ सांगलीचं, दोन्ही कृष्णेच्याच काठी. लहानपणी मला वाटायचं की माहुलीला कागदाची होडी सोडली तर ती आपोआप मामाकडे पोचत असेल. ऑगस्ट २०१९ मध्ये होडी नाही, नदीच मामाकडे पोचली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. मामा-मामी आठ दिवस मिरजेला नातेवाइकांकडे होते. परत आले तेव्हा घरात कमरेपर्यंत पाण्याची रेघ, सगळीकडे तो ओळखीचा चिखलाचा वास, आणि परसदारी कपडे धुवायच्या दगडाखाली एक कासव.

मामाचा फोन आला. "अरे, तुझा पाहुणा आलाय बघ इकडे."

घरात पसारा एवढा, गाळ काढायला माणूस मिळत नव्हता, पण मामाने आधी फोन केला तो कासवासाठी. मग फोटो आला. तो त्याने खानदानाच्या ग्रुपवरही टाकला आणि मग काय विचारता! काकू म्हणाली, लक्ष्मी आली, ठेवून घ्या. एक भाऊ म्हणाला देवळाच्या तळ्यात सोडा. दुसरा म्हणाला, शेजारच्यांच्या विहिरीत टाका, पुराचं पाणी घाण असतं, ते साफ करेल. आणि मी? मी फोटो मोठा करकरून बघत होतो. हिरवट-राखाडी पाठ, खवल्याखवल्यांची नक्षी नाही, कडा मऊ दिसतायत, डोकं आत ओढलेलं. मला घाम फुटला. मी मामाला फोन करून सांगितलं, "मामा, हे फार दुर्मीळ कासव असू शकतं. हलवू नकोस."

हे माझ्या डोक्यात कुठून आलं, ते सांगायला हवं. चाळिशीनंतर काही लोक योगासनं करतात, काही जण ट्रेकला जातात. मी सरपटणाऱ्या प्राण्यांची पुस्तकं वाचायला लागलो. जे. सी. डॅनिएल यांचं १९८३ सालचं भारतीय सरीसृपांवरचं पुस्तक हाती लागलं, मग इंद्रनील दास यांचं कासवांवरचं. त्यात एक कासव होतं, लीथचं मऊ पाठीचं कासव. मुंबईत डॉक्टर असलेल्या अँड्र्यू लीथ यांच्या नावावरून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ साली त्याचं बारसं केलं. आणि ज्या प्राण्यावरून हे वर्णन केलं तो कुठला? तर आपल्या पुण्याचा! म्हणजे शास्त्राच्या वहीत या कासवाचं गाव पुणे. पुण्याचं पाणी भीमेतून शेवटी कृष्णेलाच मिळतं, तेव्हा ते आपल्याच घरचं म्हणायला हरकत नाही.

त्याच्या नावानेही मला बरंच फिरवलं. जुन्या पुस्तकांत ते ट्रायोनिक्स, नंतरच्या पुस्तकांत अस्पिडेरेटिस, आणि हल्ली सगळीकडे निल्सोनिया. काही दिवस मी समजत होतो की ही तीन वेगवेगळी कासवं आहेत. मग कळलं की प्राणी तोच, घराणं बदललेलं. १९८७ साली हाडांच्या अभ्यासावरून त्याला ट्रायोनिक्समधून बाहेर काढलं, आणि २००७ मध्ये डीएनए तपासून ब्रह्मदेशातल्या एका मोराच्या डोळ्यांसारखी नक्षी असलेल्या कासवाच्या घराण्यात घातलं. सासर बदललं तरी 'लीथ' हे पाळण्यातलं नाव तेवढं टिकून राहिलं. ट्रायोनिक्सचा अर्थ 'तीन नख्या'. मऊ पाठीच्या कासवांच्या प्रत्येक पायाला तीनच नखं असतात. हे तीनचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर सांगलीचं कासव. मी फोनवर बसलो आणि मामा-मामी परसात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा मामा, हातात टॉर्च, मामी म्हणतेय "चावेल हो, लांबून बघा", आणि इकडून मी प्रश्न विचारतोय.

"पाठीवर तीन उंच कण्या आहेत का, लांबीला?"

"नाही. सपाट आहे, थोडं घुमटासारखं."

म्हणजे आपलं काळं कासव नाही. त्याच्या टणक पाठीवर तीन धारा असतात, म्हणून शास्त्रीय नावातही 'त्रिजुगा'. आणि तंबूसारख्या पाठीचंही नाही.

"नखं किती?"

"तीन."

माझी छाती धडधडायला लागली.

"आता दोन्ही कडांना धरून थोडं वर उचल, आणि मामीला खालून बघायला सांग. मागचे पाय दिसतात का?"

थोडा वेळ नुसती खुसपुस. मग मामीचा आवाज आला. "अगंबाई! पाय आत घेतले आणि वरून झाकण लावलं की रे याने!"

झालं. ते कातडीचं झाकण म्हणजेच ओळखीची खूण. आपल्याकडे तळ्यांत, डबक्यांत, कालव्यांत, भाताच्या खाचरांत जे मऊसर पाठीचं कासव सापडतं, त्याच्या पोटाला मागच्या बाजूला दोन पडदे असतात. पाय आत ओढले की पडदे मिटतात. उन्हाळ्यात डबकं आटलं की ते चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि पावसाची वाट बघतं. लीथच्या कासवाला असे पडदे नसतात. ते वाहत्या नदीचं, वाळूत अंग पुरून फक्त नळीसारखं नाक वर काढून बसणारं.

मी हिरमुसलो, खरं सांगतो. दुर्मीळ सापडलं असतं तर... असो. निदान विहीर तरी टळली. आपल्याकडचं कुठलंही देशी कासव घरात, हौदात, विहिरीत पाळणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे मी ग्रुपवर लिहिलं, तेव्हा काकू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मामाने वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन केला, दोन तरुण मुलं आली, टबमध्ये ओलं पोतं घालून पाहुण्यांना घेऊन गेली आणि पाणी ओसरल्यावर गावाबाहेरच्या एका पाणथळीत त्यांना सोडलं. मामाने नंतर शेजाऱ्यांना "झाकणवाल्या" कासवावर चांगली अर्ध्या तासाची व्याख्यानं दिली म्हणे.

इथे हे सगळं संपायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी मी गाळ-पसारा आवरायला मदत करायला म्हणून सांगलीला गेलो. जुन्या पद्धतीप्रमाणे मामाकडे आलेली पत्रं तारेला ओवून ठेवलेली असत. तार खुंटीला उंच टांगलेली, म्हणून बुडाली नाही, पण ओल धरली होती. मामाने सगळी पत्रं सोडवून पलंगावर पसरली होती, वर पंखा चालू. "तुझंही एक आहे बघ," म्हणून त्याने एक पोस्टकार्ड पुढे केलं. माझंच अक्षर, पेन्सिलीने आखलेल्या ओळींवर. शिक्का पुसट, पण ८४ वाचता येत होतं.

ते जसंच्या तसं देतो:

"तीर्थरूप मामास शिरसाष्टांग नमस्कार. आमच्या विहिरीत आता कासव आहे. मी त्याला वाचवले. सोडायच्या आधी घमेल्यात ठेवून मोजले. ते दीड पट्टी लांब आहे. पाठ मऊ आहे. नखे तीनच आहेत, तू पाच म्हणाला होतास. डोक्यावर काळ्या रेघा आहेत, मधे एक आणि बाजूला तिरक्या. आजी म्हणते त्याने गंध लावलंय. ते फार हुशार आहे. मी गेलो की भिंतीला धरून वर यायला बघते. त्याला मी आवडतो. मामीला नमस्कार."

खाली एक चित्र. पाठीला हिरवा खडू फासलेला आणि डोक्यावर पेनने काढलेल्या रेघा. कपाळापासून मानेकडे जाणारी एक सरळ रेघ, आणि तिच्यापासून दोन्हीकडे फुटणाऱ्या तिरप्या रेघा.

मी ते कार्ड हातात धरून बराच वेळ पलंगावर बसून राहिलो. पुस्तकात लीथच्या कासवाचं वर्णन मी इतक्यांदा वाचलं होतं की ते पाठ झालं होतं. हिरवट डोकं, डोळ्यांच्या मधून मानेपर्यंत एक काळी रेघ, तिच्यापासून दोन्हीकडे निघणाऱ्या तिरप्या रेघा. पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखे चार ते सहा गोल असतात, ते मोठेपणी पुसट होत जातात. माझ्या चित्रात गोल नाहीत, पण आमचं कासव पिल्लू नव्हतंच. आमच्या शाळेची पट्टी ३० सेंटिमीटरची, म्हणजे दीड पट्टी झाली ४५. डबक्यातलं झाकणवालं कासव एवढं वाढत नाही. तीन नखं म्हणजे टणक पाठीच्या सगळ्यांना रजा. उरतं काय?

शहाणी माणसं म्हणतील, दहा वर्षांच्या पोराच्या चित्रावरून जात ठरवू नये. मान्य. ना फोटो आहे, ना कवटी, ना हाड. दख्खनच्या नद्यांत 'चित्रा' नावाचं आणखी एक मोठं मऊ पाठीचं कासव नोंदलेलं आहे, त्याच्याही डोक्या-मानेवर नक्षी असते. त्याचे डोळे मात्र नाकाच्या अगदी टोकाशी असतात, आणि मी डोळे नक्की कुठे काढले होते ते खडूखाली लपलंय. तेव्हा "बहुतेक लीथचं" याच्या पुढे मी जाऊ शकत नाही, आणि कोणी तज्ज्ञही जाणार नाही. पण त्या पलंगावर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की लीथचं असो की चित्रा, मला त्याने सुटका नाही. कारण दोन्ही नदीचीच.

आणि तेव्हा मला वाळूतल्या त्या काकांचं बोलणं आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा, ते कधी विसरलोच नव्हतो. गोष्टीतून तेवढं गाळत आलो होतो.

अण्णांनी पैसे दिल्यावर त्यांनी विचारलं होतं, "कुठं सोडनार?" मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "आमच्या विहिरीत." तेव्हा ते अण्णांना म्हणाले, "हिरीत नगा टाकू. डबक्याचं येगळं आसतंय, त्ये ऱ्हातंय हिरीत. ह्ये नदीचं जनावर हाय, नाय टिकायचं."

अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले होते, "मग इथेच सोडू या का? थोडं वर नेऊन, डोहात?" दहा पावलांवर कृष्णा वाहत होती. आणि मी दुसऱ्यांदा भोकाड पसरलं. पहिलं कासवासाठी असेल. दुसरं मात्र माझ्यासाठी होतं. मला कासव हवं होतं.

ग्रे साहेबांनी म्युझियममध्ये बसून जे केलं, तेच त्या काकांनी वाळूत बसून केलं होतं. दोन प्राण्यांतला फरक ओळखला आणि त्यांना वेगळं म्हटलं. त्यांना लॅटिन येत नव्हतं, पण कोण कुठे जगतं आणि कुठे जगत नाही, हे ते बरोबर सांगत होते. आमच्या शिकल्या-सवरल्या घराकडे या सगळ्यांसाठी एकच शब्द होता, कासव. देवळात नंदीपुढे असतं ते कासव, गोष्टीत सशाला हरवतं ते कासव, विहिरीत असतं ते कासव. एकदा एकच शब्द असला की सोडायची जागाही कुठलीही चालते.

ते टिकलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात, मार्चमध्ये असेल, पाणी खाली गेलं तेव्हा गड्याला ते तरंगताना दिसलं. आबा म्हणाले, म्हातारं झालं असेल. सगळ्यांना पटलं. गोष्टीतून हा भागही हळूहळू गळून गेला, कारण दिवाळीला असलं कोण सांगतं? विहिरीत वाळू नव्हती, वाहतं पाणी नव्हतं, मासे-खेकडे नव्हते, चारी बाजूंना उभा बांधलेला दगड होता. "भिंतीला धरून वर यायला बघते. त्याला मी आवडतो." हे वाक्य मी आता पुरतं वाचू शकत नाही.

आपण एक कासव मारलं म्हणून जग बुडत नाही, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. एरवी ते कासव त्या दिवशी कापलंच गेलं असतं, हेही खरं. पण नदीच्या कासवांची स्थिती त्या काळापासून घसरतच गेली. वर कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, खाली जागोजागी बंधारे. वाळू ट्रकने उचलली गेली, आणि मऊ पाठीची ही कासवं अंडी घालतात ती काठावरच्या असल्याच जागांत. शिवाय मांसासाठी पकडणं चालूच. जागतिक लाल यादीत लीथचं कासव २००० साली 'असुरक्षित' या गटात होतं, २०२१ मध्ये ते 'अतिसंकटग्रस्त' झालं. याच्या पुढची पायरी म्हणजे निसर्गातून नामशेष होणं. २०२२ साली पनामाला झालेल्या साईट्सच्या बैठकीत भारताच्या प्रस्तावावरून त्याला व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत, परिशिष्ट एकमध्ये घातलं गेलं. ती बातमी मी साताऱ्यात सकाळी चहा पिताना वाचली आणि कपाटातून पोस्टकार्ड काढून पुन्हा एकदा रेघा मोजल्या.

त्यानंतर मी दोन-तीनदा माहुलीला जाऊन आलो. घाट तसाच आहे. वाळू होती तिथे आता बरीचशी झुडपं आणि गाळ. जाळं टाकणाऱ्या एका तरुणाला विचारलं, मऊ पाठीचं मोठं कासव बघितलंय का कधी? तो म्हणाला, "आजा सांगायचा." बस, तेवढंच.

अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. एक गोष्ट मात्र मला राहून राहून जाणवते. इतक्या दिवाळ्या ही गोष्ट त्यांच्यासमोर सांगितली गेली, आणि नदीत सोडू या म्हणणारे ते स्वतः होते. त्यांनी एकदाही मला मधे थांबवलं नाही. नुसते चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसायचे.

मामाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण नखं तू बरोबर मोजली होतीस हो. मी पाच म्हणत होतो." आणि पोस्टकार्ड माझ्याकडेच ठेवायला सांगितलं. "तारेला नको आता. परत पाणी आलं तर?" २०२१ ला पाणी परत आलंच.

तेव्हा मंडळी, या दिवाळीला तिसरी गोष्ट मी सांगणार आहे. लहान मुलांना पुढे बसवा. त्यात मी नायक नसेन, वाळूत बसलेले ते काका असतील, ज्यांचं नावसुद्धा आम्ही विचारलं नाही. आणि कोणाच्या परसात, शेतात, विहिरीत कासव दिसलं तर शुभ-अशुभ नंतर बघू. आधी पाठ बघा, नखं मोजा, पोटाला झाकण आहे का ते बघा, डोक्यावर गंध आहे का ते बघा, आणि १९२६ ला फोन करा. नाहीच जमलं तर मला करा. रात्री केला तरी चालेल.